डावा खांदा

हुडमास्तर माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. आधी खांदे, मग पाय, मग पुन्हा खांदे. एकोणीस वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि पहिली दोन-तीन वर्षं तरी माझा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता, याची मला खात्री आहे. एकदा चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाशी अगदी समोरासमोर आले, तर सरळ पुढे निघून गेले. चार पावलांवर थांबले, वळून मागून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम काय? उजवा खांदा उतरलेला, म्हणजे तुम्हीच. पर्सचा खांदा बदला आता. नायतर ब्लाउज कधी नीट बसायचा नाय."

मी तेव्हा रागावले. घरी जाऊन आरशात बघितलं. खांदा उतरलेला होता.

पदानं ते भांडार सहायक. विद्यापीठाच्या तळमजल्यावर गाऊनची खोली होती, तिथे बसून वर्षभर ते काळे गाऊन सांभाळायचे. ऊन दाखवायचे, डांबराच्या गोळ्या बदलायचे, उसवलेल्या शिवणी घालायचे. पदवीदान समारंभाच्या दिवशी मात्र ते सभागृहाच्या दरवाजात उभे राहत आणि त्यांनी तपासल्याशिवाय एकही स्नातक आत जात नसे. आमच्याकडे गाऊनवरून एक रंगीत पट्टा आडवा घेतात, ज्या त्या शाखेचा रंग वेगळा. त्याला सगळे हूड म्हणतात. म्हणून ते हुडमास्तर. त्यांचे वडील लालबागला शिलाईकाम करत, त्यांनाही चाळीत मास्तरच म्हणायचे. तेव्हा अर्धं नाव वारशानं आलेलं.

मी त्या विभागाची कक्ष अधिकारी. याद्या, पास, खुर्च्या, पिण्याचं पाणी आणि वेळ या माझ्या काळज्या. मला समारंभ वेळेत संपायला हवा असायचा आणि त्यांना तो नीट दिसायला हवा असायचा. यावरून आमचं दरवर्षी वाजायचं.

त्यांची तपासणी ठरलेली होती. पट्टा डाव्या खांद्यावरून, टोक उजव्या कमरेशी, तिथे एकच पिन. केस पट्ट्याखाली अडकलेले चालणार नाहीत. बूट काळे. शर्टाच्या खालच्या काठाला त्यांनी सेफ्टी पिनांची ओळ लावलेली असायची, आणि दाराआड एका ट्रंकेत सहा जोड काळे बूट, वेगवेगळ्या मापांचे. कोणी वाद घातला की एकच वाक्य, "डिग्री तुमची, दरवाजा माझा."

एका वर्षी प्रमुख पाहुणे तपकिरी बूट घालून आले. मोठा माणूस होता, बरोबर चार-पाच जणांचा लवाजमा. मी डोळ्यांनी खुणावलं, सोडा. हुडमास्तरांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "साहेब, नऊ नंबर काय? नऊ आज गेला. आठ देतो." आणि पाहुण्यांनी खरंच आठ नंबरचे बूट घातले! पुढचा दीड तास ते व्यासपीठावर लंगडत होते आणि भाषण त्यांनी निम्म्यावर आणलं. माझ्या सगळ्या नोकरीत तो एकच समारंभ वेळेआधी संपला. मी हुडमास्तरांचे आभार मानले, तर त्यांना ते कशाबद्दल ते कळलं नाही.

समारंभानंतर मुलं आपल्या आईबापांच्या अंगावर गाऊन चढवून फोटो काढतात. हे त्यांना बिलकुल खपत नसे. गिरणीत उभं आयुष्य काढलेला एखादा बाप मुलाच्या गाऊनमध्ये लाजत उभा असायचा, आणि हे तिथे जाऊन विचारायचे, "काका, तुम्ही पास झालात काय?" बाप ओशाळून गाऊन काढायचा. मला ते क्रूर वाटायचं. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमचं काय जातं?" ते म्हणाले, "माझा काय जातला? मी पण नापास. तीन वेळा मॅट्रिकला बसलो. पण मी गाऊन शिवतो, धुतो, इस्त्री करतो. अंगात नाय घालत. कधीच नाय घातला." हे अभिमानानं सांगितलं की दुःखानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

हा डाव्या खांद्याचा नियम कुठे लिहिलाय, असं कोणी विचारलं की ते गाऊनच्या खोलीतल्या एका तसबिरीकडे बोट दाखवत. फार जुना फोटो. पायऱ्यांवर वीस-बावीस पुरुष, मिशा, फेटे, पगड्या, कोटांवरून उघडे गाऊन आणि प्रत्येकाचा पट्टा डाव्या खांद्यावरून. "माझ्या आधीच्यान मला हा दाखवल्यान, त्याच्या आधीच्यान त्याला," ते म्हणायचे. "ह्याच्यापेक्षा जुना लिवलेला काय असणार?" आमच्या छापील सूचनापत्रात 'पट्टा प्रथेप्रमाणे घ्यावा' एवढंच होतं आणि प्रथा म्हणजे हुडमास्तर. मला ते पुरेसं होतं. मी मूळ नियम कधी काढून बघितला नाही.

पल्लवीनं बघितला होता.

ती माहीमची. इतिहासात पीएच.डी. केलेली, तीही जुन्या शिक्षणसंस्थांच्या कागदपत्रांवर. तिची आई माहीम बाजारात पोळीभाजी केंद्र चालवायची आणि त्या दिवशी केंद्र बंद ठेवून, पास घेऊन गॅलरीत येऊन बसली होती. पल्लवी दरवाजात आली ती पट्टा उजव्या खांद्यावर घेऊन. हुडमास्तर म्हणाले, "डावा." ती म्हणाली, "काका, नियमात उजवा आहे. मी स्वतः वाचलाय. ग्रंथालयात आहे."

"ग्रंथालयात असेल. दरवाज्यात डावा."

"चुकीचं कसं घालू? मी पाच वर्षं हेच वाचत बसलेय हो!"

मागे रांग खोळंबली. कोणी तरी ओरडलं, "अगं घाल ना, एक मिनिटाचा प्रश्न आहे!" मी धावत आले. माझ्या हातात वेळापत्रक होतं आणि आम्ही अकरा मिनिटं मागे होतो. मी तिला म्हटलं, "डावीकडे घ्या आणि आत जा, नाहीतर बाजूला व्हा." ती बाजूला झाली. तिला वाटलं असावं, पुढची दोन-चार मुलं गेल्यावर आपलं ऐकून घेतील. मला वाटलं, ती पट्टा बदलेल. तेवढ्यात आत तिचं नाव पुकारलं. व्यासपीठावर कोणी आलं नाही. गॅलरीत एक बाई उभी राहिली आणि वाकून खाली बघू लागली. मग पुढचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि ती बाई मात्र तशीच उभी राहिली.

समारंभानंतर पल्लवी माझ्याकडे आली. मी सांगितलं की एकदा नाव पुकारलं गेलं की परत पुकारत नाहीत, पदवी काउंटरवरून मिळेल. हा नियम लेखी होता. तिनं काउंटरवर सही केली, गुंडाळी घेतली आणि आईला घेऊन गेली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्या दिवशी अजून खुर्च्या मोजून परत द्यायच्या होत्या.

पाचेक वर्षं गेली. मग वरून निर्णय आला की पुढच्या वर्षापासून गाऊन बंद. त्याऐवजी भारतीय पोशाख आणि उपरणं. जुना नियम रद्द करण्याचं परिपत्रक मला लिहायचं होतं आणि रद्द करायचा नियम आधी उद्धृत करावा लागतो. म्हणून ग्रंथालयातून मूळ नियमावली मागवली. पिवळी पडलेली, कडा झडणारी. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, पट्टा उजव्या खांद्यावरून.

मी नियमावली उघडीच धरून खाली गाऊनच्या खोलीत गेले. हुडमास्तर जेवायला गेले होते. तसबिरीसमोर उभी राहिले. नियमही जुना आणि फोटोही जुना. दोन्ही खरे कसे? बराच वेळ मी त्या मिशांकडे बघत बसले. मग लक्ष कोटांकडे गेलं. मी वीस वर्षं घरच्या पुरुषांच्या शर्टांना इस्त्री करते. बटणं कुठल्या बाजूला असतात हे मला डोळे मिटून सांगता येईल. फोटोतल्या सगळ्या कोटांची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी होती. छातीवरचे खिसे उजव्या बाजूला. बावीसच्या बावीस जणांचे!

फोटो उलटा छापलेला होता. त्या काळची निगेटिव्हची काच छापताना पालथी पडली असेल, कोणाचं लक्ष नसेल, कोणी फ्रेम करून लावला असेल. आणि तेव्हापासून हजारो मुलांनी पट्टा चुकीच्या खांद्यावर घेतला होता. एकीनं बरोबर घेतला, तिला आम्ही दोघांनी मिळून दारातून परत पाठवलं.

मी स्वतःला व्यवहारी समजते. परिपत्रक लिहून मोकळं व्हायचं, गाऊन बंद होणार, हुडमास्तर त्याच वर्षी निवृत्त होणार, कशाला उकरायचं, असा विचार मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन सांगितलं. त्यांच्या हातात इस्त्री होती. ती त्यांनी उभी करून ठेवली, फोटोजवळ गेले, चश्मा कपाळावर चढवला.

"बटणा," ते म्हणाले.

"दिसतायत ना?"

"दिसतायत काय? पहिल्याच दिवशी दिसली होती. शिंप्याचो झिल मी!"

"मग?"

"मला वाटला, इंग्रजांचा जमाना. मोठी माणसं. तशीच शिवून घेत असतील." त्यांनी चश्मा परत डोळ्यांवर घेतला. "मोठ्या माणसांची बटणा चुकली असं कसं म्हणायचं, मॅडम?"

ज्या माणसानं प्रमुख पाहुण्यांचे बूट बदलले, तो एका फोटोतल्या बटणांना घाबरला होता. मी वर निघून आले.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "त्या पोरीला बोलवा," म्हणाले. कुठली, ते विचारावं लागलं नाही. चेहरा त्यांना आठवत नव्हता, पण "उजवा खांदा, पाच फूट तीन इंच, गाऊन नंबर एकशे बारा" हे आठवत होतं. मी सांगितलं की असं बोलावता येत नाही, तिला पदवी मिळालेली आहे. मग मीच नियम चाळले. आधीच्या वर्षी व्यासपीठावर येऊ न शकलेल्यांना अर्ज केल्यास पुन्हा यादीत घेता येतं, असं एक कलम निघालं. ते त्या दिवशीही होतं. मी ते तिला सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं.

कोरा अर्ज घेऊन हुडमास्तर रविवारी स्वतः माहीमला गेले. सोमवारी सही केलेला अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"काय म्हणाली?"

"आईने आधी पोळीभाजी वाढल्यान. गिऱ्हाईक समजली. मग पोरगी आली. मी म्हटलं, बाई, तुझा बरोबर होता. माझा चुकला."

"आणि?"

"आई म्हणाली, मग मी उठून उभी राहिले ते उगाच काय?" त्यांनी पिनांची ओळ उगाच सारखी केली. "पोरगी म्हणाली, येईन, पण उजव्याच खांद्यावर घेईन. मी म्हटलं, घे."

मला बरं वाटलं. वाटलं की आता शेवटच्या समारंभाला तरी सगळ्यांचे पट्टे नियमाप्रमाणे उजवीकडे जातील. मी तशी सूचनाही टाइप करून ठेवली. समारंभाच्या सकाळी ती त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी चार घड्या करून खिशात घातली.

"आज उजवा ना, मास्तर?"

"डावा."

"अहो, पण..."

"दरवाजा कोणाचा, मॅडम?"

आणि त्यांनी चारशे मुलांचे पट्टे एकेक करून डाव्या खांद्यावर नेले. चुकून उजवीकडे घेतलेले दोघे-तिघे होते, त्यांनाही बदलायला लावलं. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझं डोकं चालत नव्हतं. चूक कबूल करायला हा माणूस माहीमला जाऊन आला होता. मग हे काय चाललं होतं?

पल्लवी रांगेच्या मध्यावर होती. एकशे बारा नंबरचा गाऊन, पट्टा उजव्या खांद्यावर. तिची मान ताठ होती. हुडमास्तरांनी खांदे बघितले. पाय बघितले. कमरेशी पिन जरा तिरकी होती, ती काढून सरळ लावली. मग मी त्यांना पहिल्यांदाच एखाद्या स्नातकाच्या चेहऱ्याकडे बघताना पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जा."

नाव पुकारलं गेलं. गॅलरीत ती बाई पुन्हा उभी राहिली. या वेळी टाळ्या थांबल्या तरी बसायला विसरली.

मी नंतर त्यांना तीनदा विचारलं की बाकीच्यांना डावा का. एकदा म्हणाले, "त्यांच्या घरात थोरल्या भावाचा फोटो लावलेला असेल. एक डावा, एक उजवा बरा दिसता काय?" दुसऱ्यांदा म्हणाले, "शेवटच्या दिवशी नवीन काम कोण शिकवणार?" आणि तिसऱ्यांदा, निवृत्तीच्या चहाला, कपातली साय बशीत काढत म्हणाले, "मॅडम, तुम्ही लय विचारता." यातलं खरं उत्तर कोणतं, की एकही नाही, हे मी ठरवू शकले नाही. त्यांनी ट्रंक, सहा जोड बूट आणि दोनशे चौदा सेफ्टी पिना मोजून माझ्या ताब्यात दिल्या आणि कणकवलीजवळच्या गावी निघून गेले. मी त्यांना पाठमोरं बघितलं. त्यांचा डावा खांदा उतरलेला होता. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या समारंभाच्या दिवशी पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता. आता तो आमच्या बाहेरच्या व्हरांड्यात लावलाय. कडेला हुडमास्तर उभे आहेत, बुशशर्टाच्या खिशाला पेन आणि ओळखपत्र. नवीन लागलेली मुलं फोटोकडे बघून मला विचारतात, "मॅडम, या एकीनं चुकीचं घातलंय ना?" मी आधी समजावायचे. आता नुसतं "बघा, नीट बघा" म्हणते आणि कामाला लागते.

गेल्या महिन्यात विद्यापीठाची नवी माहितीपुस्तिका छपाईला जायची होती. शेवटचा नमुना माझ्याकडे तपासायला आला. त्यात हाच फोटो, पूर्ण पानभर. मी सह्या करत पुढे जात होते आणि थांबले. चारशे पट्टे उजव्या खांद्यावर होते. नियमावलीप्रमाणे अगदी बरोबर. फक्त एका मुलीचा डाव्या खांद्यावर. आणि कडेच्या माणसाचा खिसा उजवीकडे.

मांडणी करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, फोटो फ्लिप केलाय. माणसं पानाच्या आत बघायला पाहिजेत, बाहेर नको. कोणाला कळत नाही हो!"

त्याचं खरं होतं. कोणाला कळलं नसतं. कळलं असतं तरी विद्यापीठाच्या दृष्टीनं हाच फोटो जास्त योग्य होता. वर्षानुवर्षांची चूक एका बटणात दुरुस्त झाली होती, तीही फुकट. पेन हातात धरून मी पाच-सात मिनिटं बसले. मग गावाला फोन लावला. हुडमास्तरांना आता ऐकू कमी येतं, तेव्हा सगळं दोनदा सांगावं लागलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे माझी चारशेच्या चारशे आता बरोबर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि ती पोरगी?"

"ती आता चुकीची दिसते."

त्यांनी आधी कोंबड्या हाकलल्या.

"नाय चालणार, मॅडम," ते म्हणाले. "सुलटा करून घ्या. ती बरोबर दिसायला हवी. माझी राहू देत."

मी नमुना परत पाठवला. कारण लिहावंच लागतं, म्हणून लाल शाईनं समासात लिहिलं: 'छायाचित्रातील कर्मचाऱ्याच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूस दिसतो. सबब, दुरुस्ती करावी.' आणि खाली सही केली.